'ॲनिमल'ला मराठीत काय म्हणायचं: प्राणी, जनावर, पशू की जीव?

प्रश्न थोडक्यात असा: कोकणातल्या किनाऱ्यावरच्या एका गावासाठी दोन भाषांत फलक आणि माहितीपत्रकं करायची आहेत. इंग्रजी मजकुरात 'ॲनिमल' हा शब्द जागोजागी येतो. शब्दकोश उघडला की प्राणी, जनावर, पशू, जीव, श्वापद अशी रांग लागते. मग कुठे कोणता वापरायचा, आणि सगळीकडे 'प्राणी' लिहिलं तर बिघडतं काय?

बिघडतं ते पुढे येईलच. आधी एक म्हैस घेऊ. ती गोठ्यात असते तेव्हा ते 'जनावर'. शेजारच्या बैलांसकट मोजली की 'गुरं'. सरकारी गणनेत ती 'पशुधन' होते आणि तिला तपासायला 'पशुवैद्य' येतो. शाळेच्या पुस्तकात ती 'सस्तन प्राणी', हमरस्त्यावर बसली की 'मोकाट जनावर', आणि विजेच्या तारेला चिकटून मेली की बघणारा म्हणतो, 'मुका जीव हकनाक गेला'. म्हैस तीच, आपला तिच्याशी असलेला व्यवहार तेवढा बदलला. इंग्रजीत या सातही ठिकाणी 'ॲनिमल' चालून जातो, मराठीत तसं होत नाही. म्हणून 'ॲनिमल' दिसला की पहिला प्रश्न हा विचारायचा: ज्या सजीवाबद्दल लिहिलंय त्याच्याशी वाचणाऱ्याचं काम काय आहे? बघायचं आहे, पाळायचं आहे, खायचं आहे, भ्यायचं आहे की तक्रार करायची आहे?

'प्राणी' हा यातला सगळ्यात रुंद शब्द. गंमत म्हणजे तो 'ॲनिमल'चा दूरचा भाऊच आहे. लॅटिनमधला 'ॲनिमा' म्हणजे श्वास, जीव. आपल्या 'प्राण'मध्येही 'अन्' म्हणजे श्वास घेणे हाच धातू आहे, अपान-उदान-व्यानमधला. दोन्ही एकाच मुळातून आले. शास्त्रात त्यामुळे दोन्हींची व्याप्ती जुळते: माणूस, मासा, मुंगी, गांडूळ, सगळे प्राणी. पण बोलीत तसं नाही. बोलीतला प्राणी चार पायांचा असतो. 'पशुपक्षी' या जोडशब्दात पक्षी वेगळा काढलेला आहे, आणि बाजारात पापलेटाकडे बोट दाखवून 'हा प्राणी कितीला?' असं कोणी विचारणार नाही. फलकावर 'प्राण्यांना खायला घालू नका' लिहिलं तर माणसं माकडाला पाव देणार नाहीत, पण पुलावर उभी राहून खाडीतल्या माशांना कुरमुरे खुशाल टाकतील, आणि त्यांचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. जिथे पक्षी आणि मासे अभिप्रेत आहेत तिथे ते नावानिशी लिहा: 'पक्षी, मासे किंवा कुठल्याही प्राण्याला…'.

कायद्याच्या मजकुरात मात्र 'प्राणी' हाच शब्द ठेवायचा, कारण तिथे त्याची व्याख्या ठरलेली असते आणि ती कायद्यागणिक वेगळी आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमात आणि भारतीय न्याय संहिता २०२३ मध्ये माणूस सोडून कुठलाही जीव म्हणजे 'ॲनिमल'. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडीसुद्धा 'प्राणी' या शब्दात धरली आहेत. वेळाससारख्या कासवांच्या किनाऱ्यावर हे फार कामाचं आहे. आणखी एक: याच कायद्यातल्या 'वन्यजीव' या शब्दात वनस्पतीही येतात. त्यामुळे इंग्रजीत 'वाइल्डलाइफ' असेल तिथे सवयीने 'वन्य प्राणी' लिहिलं तर अर्थ आकसतो. 'वन्यजीव' हेच बरोबर.

आता 'जनावर'. कोकणात सगळ्यात जपून वापरायचा शब्द हाच. मूळ फारसी 'जानवर', म्हणजे जान असलेलं. घाटावर जनावर म्हटलं की बैल, म्हैस डोळ्यांसमोर येते. कोकणातही गोठ्याच्या संदर्भात तेच. पण गोठ्याबाहेर, विशेषतः तिन्हीसांजेनंतर, 'जनावर' म्हणजे साप. सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून जनावर, लांबडं, दक्षिणेकडे किरडू. 'पडवीत जनावर शिरलंय' हे ऐकून कोणी दोरखंड घेऊन येत नाही, काठी आणि बॅटरी घेऊन येतो. साप चावला यालाही 'पान लागलं' असा आडवळणाचा शब्दप्रयोग आहेच.

याची सगळ्यात महाग चूक आरोग्य केंद्राच्या खिडकीवर होऊ शकते. कल्पना करा, बाहेरून बदली होऊन आलेली परिचारिका विचारते, 'काय झालं, आजी?' आजी सांगते, 'झिलाक जनावर चावलां.' नोंदवहीत रकाना आहे 'प्राणीदंश', तिकडे टीप पडते, आणि पुढचा प्रश्न 'कुत्रं की मांजर?' असा येतो. 'नाय गो बाय, लांबडां' हे पुढचं वाक्य आजी बोलली तर बरं. कुत्रं, मांजर किंवा माकड चावलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुणं आणि रेबीजची लस. साप चावला तर हालचाल बंद, पट्टी आवळायची नाही, चिरायचं नाही, आणि ज्या दवाखान्यात प्रतिविष आहे तिथे तडक. दोन्हींचा रस्ता पहिल्या मिनिटापासून वेगळा. म्हणून दवाखान्याच्या फलकावर आणि अर्जावर 'प्राणीदंश' किंवा 'जनावर चावल्यास' असं एकत्र लिहूच नये. दोन वेगळ्या ओळी: 'कुत्रा, मांजर, माकड चावल्यास' आणि 'साप (जनावर, किरडू) चावल्यास'. कंसातले शब्द गाववाल्यांसाठी, बाहेरचा शब्द डॉक्टरांसाठी. साप कुठला हे विचारतानाही नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार नावं छापलेली असावीत. आपल्याकडचं नेहमीचं प्रतिविष याच चार सापांच्या विषावर चालतं.

'मोकाट जनावरे' हा पालिका-पंचायतीचा ठरलेला शब्द. त्यात मुख्यतः गाई-बैल येतात. कुत्र्यांनाही कुठे कुठे 'मोकाट' म्हणतात, पण 'भटकी' लिहिलेलं बरं. मोकाट गुरं कोंडवाड्यात जातात, भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण होतं. इंग्रजी 'स्ट्रे ॲनिमल्स' एकाच शब्दात दोघांना गुंडाळतो, आपण गुंडाळू नये. 'पाळीव प्राणी' या शब्दातही असाच गोंधळ आहे: घरातलं मांजर आणि दुभती गाय दोन्ही पाळीवच. हॉटेलवाल्याला 'पेट्स'बद्दल बोलायचं असेल तर 'कुत्रा-मांजर बरोबर आणता येईल' असं साधं लिहावं.

'गुरं' आणि 'ढोरं' हे गावातले खरे चालते शब्द. शिमग्यात किंवा जत्रेत गाऱ्हाणं घालतात तेव्हा राखण मागतात ती गुराढोरांची. तिथे 'प्राणी' म्हटलं तर देवालाही परकं वाटेल. पण छापील मजकुरात 'गुरं' घ्यावं, एकटं 'ढोर' टाळावं. एक तर ती शिवी आहे, आणि दुसरं म्हणजे ढोर हे एका समाजाचंही नाव आहे. 'ढोरमेहनत' हा शब्द वर्तमानपत्रं सर्रास वापरतात. त्याऐवजी 'उरस्फोड' आहे, 'राबराब राबणं' आहे.

'पशू' गोठ्यात कोणी बोलत नाही. तो कागदावरचा आणि समासातला शब्द: पशुखाद्य, पशुसंवर्धन, पशुगणना. एकटा आला की तो माणसाच्या क्रौर्याबद्दल असतो. 'पाशवी'ही तसंच, म्हणूनच 'ब्रूट मेजॉरिटी'ला 'पाशवी बहुमत' इतकं चपखल बसलं. 'श्वापद' म्हणजे मूळ अर्थाने कुत्र्यासारख्या पायांचं, म्हणजे हिंस्र जंगली जनावर. बिबट्याला चालेल, सांबराला नाही. 'हिंस्र श्वापदांपासून सावध राहा' हा फलक घाटात लावायचा तर लावा, पण त्याने पर्यटक घाबरतो आणि काय करायचं ते त्याला कळत नाही.

'मृग' या शब्दाचा प्रवास इथे सांगावासा वाटतो. संस्कृतात मृग म्हणजे आधी कुठलंही रानजनावर. म्हणून मृगया म्हणजे शिकार, मृगेंद्र म्हणजे सिंह, शाखामृग म्हणजे माकड. पुढे तो हरणापुरता उरला. इंग्रजीतला 'डिअर'ही असाच: जुन्या इंग्रजीत तो कुठल्याही जनावराला लावत, आज फक्त हरीण. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग नक्षत्र लागलं की मातीवर दिसणारा तो मखमली लाल 'मृगाचा किडा' हा ना मृग, ना कीटक. त्याला आठ पाय असतात.

यावरून कीटकांकडे वळू, कारण कोकणात आंबा-नारळाच्या पत्रकांत 'ॲनिमल'चे सगळ्यात जास्त घोळ इथे होतात. सहा पायांचा तो 'कीटक'. पिकाला त्रास देणारी ती 'कीड', मग ती सहा पायांची असो वा आठ. 'किडा' हा बोलीतला, कशालाही लागणारा शब्द. 'जंतू' संस्कृतात कुठलाही जन्मलेला जीव होता, मराठीत तो जखमेत आणि पाण्यात राहायला गेला, आणि पोटात गेला की 'जंत' झाला. म्हणून 'स्मॉल क्रीचर्स'ला 'लहान जंतू' लिहू नका, वाचणारा फिनाईल शोधेल. 'लहान जीव' लिहा. 'जीवाणू' म्हणजे बॅक्टेरिया, 'विषाणू' म्हणजे व्हायरस. हे दोन एकमेकांच्या जागी वापरणं ही चूक अजून छापून येते.

नारळाच्या कोवळ्या फळांवर तपकिरी, खरबरीत चट्टे पाडणारी जी कीड आहे, तिचं कृषी खात्यातलं नाव 'इरिओफाइड कोळी'. इंग्रजीत माइट आणि स्पायडर वेगळे, मराठीत दोघेही कोळी. आणि किनाऱ्यावर कोळी म्हणजे आधी माणूस. त्यामुळे 'कोळीनाशक फवारणी रविवारी सकाळी' असा फलक मासेमारांच्या वाडीत लागला तर हसूही येईल आणि वादही होईल. 'नारळावरील इरिओफाइड कोळी या किडीसाठी फवारणी' असं पूर्ण लिहायचं. 'कोळीनाशक' हा शब्द गाळून 'कीटकनाशक' मात्र घालू नका. ती औषधं वेगळी असतात, आणि कीटकावरचं प्रत्येक औषध कोळ्यावर चालतंच असं नाही. दुकानदार चिठ्ठीवर लिहिलंय तेच देणार.

समुद्राकडे आलं की 'प्राणी' जवळजवळ गळतो. उत्तरेला रायगड-मुंबईकडे कोळी-आगरी बोलीत 'म्हावरं', बाकी 'मासळी', गोव्याकडे 'नुस्तें'. या शब्दांत कोळंबी, शेवंड, खेकडा, तिसऱ्या सगळे येतात. म्हणजे मासळी हा शास्त्रातला वर्ग नव्हे, तो टोपलीतला वर्ग आहे. 'सीफूड'साठी 'समुद्री प्राण्यांचं जेवण' लिहिलेली मेनूकार्डं दिसतात. 'मासळीचं जेवण' म्हणा, त्यात सगळं येतं. खेकडा उत्तरेकडे 'चिंबोरी' आणि दक्षिणेकडे 'कुर्ली'. मेनूत दोन्ही लिहिलेलं बरं.

उलट शैक्षणिक फलकावर 'मासा' शब्दाने घात होतो. देवमासा मासा नाही, तारामासा मासा नाही, जेलीफिश तर नाहीच. जेलीफिशला किनाऱ्यावर 'झार' म्हणतात. पोहायला येणाऱ्यांसाठीच्या सूचनेत 'झार (जेलीफिश) आढळल्यास पाण्यात उतरू नका' असं लिहावं. 'विषारी समुद्री प्राणी' एवढंच लिहिलं तर लोक शार्कच्या भीतीने क्षितिजाकडे बघत राहतील आणि पायाशी झार असेल. डॉल्फिनला मच्छीमार 'गादा' म्हणतात. पर्यटकांसाठी 'डॉल्फिन' ठेवा, मच्छीमारांसाठीच्या पत्रकात 'गादा' आलाच पाहिजे, नाहीतर जाळ्यात अडकलेला गादा सोडवण्याबद्दलचं तुमचं आवाहन त्यांच्या जाळ्यापर्यंत पोचणारच नाही.

नेमक्या नावांतले काही खड्डे. गव्याला इंग्रजी बातम्यांत 'बायसन' म्हणतात, त्यावरून मराठीतही 'बायसन' किंवा 'रानरेडा' येतो. गवा बायसन नव्हे, तो गाईच्या कुळातला; रानरेडा म्हणजे रानम्हशीचा नर. 'गवा' किंवा 'गवा रेडा' लिहिलं की कोकणात सगळ्यांना कळतं. इंग्रजी 'मंकी'चे आपल्याकडे दोन: लालसर तोंडाचं 'माकड' आणि काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं 'वानर'. बागायतीच्या नुकसानीच्या अर्जात जो आला त्याचंच नाव लिहायचं. 'वन्य प्राण्यांनी नुकसान केले' एवढंच लिहिलेला अर्ज पंचनाम्याच्या वेळी प्रश्न वाढवतो. बिबट्याला गावात 'वाघ'च म्हणतात, 'वाघ इलो' ही ओरड बहुतेक वेळा बिबट्याची असते. पण तिळारी-दोडामार्गाकडे पट्टेरी वाघाचाही वावर आहे, म्हणून लिहिताना 'बिबट्या' किंवा 'पट्टेरी वाघ' असं फोडून लिहावं.

सगळ्यात गुंतागुंतीचं प्रकरण 'उदमांजर'. संस्कृत 'उद्र' म्हणजे ऑटर, पाण्यात पोहून मासे पकडणारा प्राणी, आणि दोन्ही शब्दांचं मूळही एकच. त्यावरून 'ऊद' आणि 'उदमांजर' ही ऑटरची नावं व्हायला हवीत, पण आज उदमांजर म्हणजे सिव्हेट, कौलांवरून रात्री फिरणारं, फळं खाणारं. खाडीतल्या ऑटरला 'पाणमांजर' लिहा म्हणजे गोंधळ संपतो. मांजर यातलं एकही नाही; खवले मांजर तर त्याहून नाही.

'स्पीशीज'ला वर्तमानपत्रं 'प्रजाती' लिहितात. विश्वकोशाच्या परिभाषेत मात्र 'प्रजाती' म्हणजे जीनस (जवळच्या जातींचा गट) आणि 'जाती' म्हणजे स्पीशीज. त्यातच पशुपालनात 'ब्रीड'ला 'जात' म्हणतात: कोकण कपिला ही गाईची जात, कोकण कन्याळ ही शेळीची. माझं मत असं की, सामान्य वाचकासाठी 'प्रजाती' आता स्पीशीजसाठी रुळलाय, त्याच्याशी भांडू नये. पण कपिला गाईला 'प्रजाती' कधीच लिहू नये. शास्त्रीय नाव दिलं की उरलेला संशय जातो.

क्रियापदांकडे भाषांतर करणाऱ्यांचं लक्ष नसतं, आणि परकेपणा नेमका तिथून डोकावतो. गाय 'गाभण' असते, गर्भवती नव्हे. ती 'व्याते', बाळंत होत नाही. दूध आटलं की 'भाकड'. कासव अंडी 'घालतं'. साथीत जनावरं 'दगावतात'. पिल्लांचीही नावं ठरलेली: गाईचं वासरू, म्हशीचं रेडकू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, घोडीचं शिंगरू, हरणाचं पाडस, वाघाचा बछडा. मत्स्यपालनात बोटाएवढ्या पिल्लाला 'बोटुकली' म्हणतात. 'फिंगरलिंग'ला इतका नेमका शब्द हाताशी असताना 'लहान मासे' लिहू नये.

इंग्रजी शब्दसमूह थोडक्यात उरकतो. 'ॲनिमल प्रोटीन' म्हणजे प्राणिज प्रथिनं. 'ॲनिमल इन्स्टिंक्ट' म्हणजे उपजत प्रवृत्ती, तिथे प्राणी आणायची गरज नाही. 'सोशल ॲनिमल' म्हणजे समाजशील प्राणी. हा शाळेतूनच रुळलेला आहे. 'पार्टी ॲनिमल'ला शब्द शोधत बसू नका, 'त्याला पार्टी म्हटली की राहवत नाही' असं वाक्य करा. 'फॉना' म्हणजे प्राणिसृष्टी.

शुद्धलेखनाचं एवढंच: 'प्राणी' सुटा असताना दीर्घ, समासात ऱ्हस्व. म्हणून प्राणिसंग्रहालय, प्राणिमित्र, प्राणिशास्त्र. 'पशू', 'जंतू' तसेच: पशुवैद्य, जंतुनाशक. पण विभक्तीत दीर्घच राहतं, 'पशूंना', 'जंतूंमुळे'. वर अर्जातला 'प्राणीदंश' छापलेला असतो तसा लिहिला. खरं तर तोही 'प्राणिदंश' हवा.

शेवटी एक फलक करून बघू. इंग्रजी मजकूर असा: प्राण्यांना त्रास देऊ नये, ते कायद्याने संरक्षित आहेत, आपले पाळीव प्राणी आवरावेत. शब्दाला शब्द लावून केलेल्या मराठीत एकाच ओळीत दोन वेगळे 'प्राणी' येतात आणि कासवाचं नावच येत नाही. किनाऱ्यावर लावायचा तर तो असा असावा:

'कासवं रात्री अंडी घालायला या पुळणीवर येतात. बॅटरी मारू नका, फोटोसाठी फ्लॅश लावू नका, मागे शांत उभे राहा. अंड्यांना किंवा पिल्लांना हात लावणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. कुत्रा बरोबर असेल तर साखळीला ठेवा.'

यात 'प्राणी' हा शब्द एकदाही आलेला नाही.